थुंकी आणि सूत

रात्रपाळी सुटली की मी पहिल्यांदा थुंकतो. चहा नंतर. गेटाबाहेर लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी उभा राहून घसा खाकरतो, आतलं सगळं वर आणतो आणि थुंकतो. पांढरं, चिकट, तार धरणारं. आठ तासांचा कापूस. आमच्या खात्यातले सगळेच तिथं थुंकतात. सकाळी त्या लिंबाखाली बघितलं तर वाटावं, कुणीतरी उशी फाडून टाकली.

या थुंकीवर मी लिहिणार म्हटल्यावर आय म्हणाली, "दुसरं काय सुचंना व्हय रं तुला?"

सुचत होतं. पण दोस्तहो, गेले चार महिने मी दुसरं काही बघितलेलंच नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शाळा नववीत सुटली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहे, आणि विज्ञानाचा भाग एक माझ्या डोक्यावरून जातो, भाग दोन काळजातून जातो. भाग दोनमध्ये जीव आहेत. त्यातलंच हे एक प्रकरण, जे मी कागदावर न वाचता डोळ्यानं बघितलं.

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी पोरांचा अभ्यासवर्ग चालतो. घेणारी एक ताई आहे, बी. एस्सी. झालेली. मी रात्रपाळी करून तसाच तिथं जातो, पोरांच्या मागं भिंतीला टेकून बसतो. अर्धं ऐकतो, अर्धं झोपतो. एका रविवारी तिनं पिशवीतून घडीचा एक कागद काढला, दुमडला, सरकवला, आणि म्हणाली हा सूक्ष्मदर्शक. मला वाटलं पोरांची गंमत करते. पण खरंच होता. फोल्डस्कोप म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढं आणला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक काचेचा मणी, तोच भिंग. १४० पट मोठं दिसतं. उजेडाकडं तोंड करून डोळ्याला लावायचा, बस्स. ना कपाट, ना कुलूप. मी ज्या शाळेत होतो तिथं सूक्ष्मदर्शक कपाटात होता. नऊ वर्षं मी त्याचं फक्त खोकं बघितलं.

पहिल्यांदा कांदा. भाजीतल्या कांद्याची एक फोड मोडायची, आतल्या बाजूनं पातळ पापुद्रा निघतो, ओल्या सायीसारखा. तो काचेवर पसरायचा, वर टिंक्चर आयोडीनचा थेंब, वर पातळ काच. मी डोळा लावला आणि मला भिंत दिसली. विटांची. एकाशेजारी एक, आडव्या, लांबट, सांधा न सांधा जुळलेला. गवंड्यानं ओळंबा लावून बांधावी तशी. एकेक वीट फार तर पाव मिलिमीटर लांब, आणि प्रत्येकीत एक पिवळट तपकिरी ठिपका, बहुतेक ठिकाणी कडेला ढकललेला. तो केंद्रक. कडेला का, तर मधली सगळी जागा पाण्याच्या पिशवीनं खाल्लेली असते. रिक्तिका म्हणतात. नाव रिक्तिका, पण ती रिकामी नसते. पाण्यानं तट्ट भरलेली असते. ते पाणी भिंतीला आतून दाबतं, म्हणून भाजी ताठ राहते. पाणी गेलं की मेथी मान टाकते.

पोरं म्हणाली, पुस्तकात वनस्पतीच्या पेशीत हिरवे दाणे दाखवलेत, इथं कुठायत? मलाही तोच प्रश्न. ताई म्हणाली, कांदा मातीत वाढतो, त्याला ऊन कुठलं? हिरवे दाणे पातीत बघा. पुस्तकातलं चित्र सगळ्या झाडांचं सगळं एकाच पेशीत कोंबून काढलेलं असतं. तशी पेशी कुठल्याच झाडात नसते. हे मला फार आवडलं. पुस्तकावर विश्वास ठेवायचा, पण कांदा सोलून.

मग एका पोरानं जांभळ्या कांद्याच्या फोडीवरचा बाहेरचा रंगीत पापुद्रा काढला. ताईनं काचेच्या कडेनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता प्रत्येक विटेतला जांभळा रंग भिंत सोडून आत आत आकसत गेला. मधी जांभळा गोळा, बाजूनं मोकळी जागा, आणि भिंत होती तिथंच. साधं पाणी सोडलं, तसा गोळा परत फुगला, भिंतीला लागला. मी त्या रात्री पाळीवर कविता केली. भिंत तशीच उभी आणि आतला जीव आकसलेला, वगैरे. तुम्हाला कळलंच असेल कुठल्या भिंतीवर. दुसऱ्या रविवारी ताईला दाखवली. तिनं वाचली आणि म्हणाली, "दादा, कविता चांगलीय, पण खोटीय. झाडाच्या पेशीच्या भिंतीला बारीक बारीक भोकं असतात. त्यातनं एका पेशीचं जीवद्रव्य शेजारच्या पेशीत गेलेलं असतं. सगळ्या आतनं एकमेकींना जोडलेल्या असतात."

मी कविता फाडली. १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, त्यात जात म्हणजे काय तर बंदिस्त करून घेतलेला वर्ग, असं त्यांनी मांडलं. भिंतीतनं काहीच जाऊ न देणं हे त्यातलं मूळ. झाडाला ते जमलेलं नाही. झाडाला उगीच आपल्या भांडणात ओढू नये.

आता गाल.

प्राण्याची पेशी बघायची तर प्राणी पाहिजे. सगळ्यात जवळचा प्राणी आपणच. काडीच्या बोथट टोकानं गालाची आतली बाजू हलकी खरवडायची, काचेवर फिरवायची, वर मिथिलिन ब्लूचा थेंब. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात ते निळं औषध मिळतं. ताईनं सांगितलं, कान साफ करायची कापसाची काडी वापरू नका, कापसाचे तंतू काचेवर येतात. हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. पुढं मला त्याचीच गरज लागली.

पोरांना हसू आवरेना. "थुंकी बघायची? शी!" एकजण म्हणाला, याची काच माझ्या काचेला लावू नका. आमच्याच वस्तीतलं पोरगं. बोलून गेलं. ताई काही बोलली नाही, तिनं आधी स्वतःचा गाल खरवडला.

गालाच्या पेशीला भिंत नाही. कांद्यानंतर हे बघितलं की डोळा गोंधळतो. विटा नाहीत, रांग नाही. पातळ, पसरट, वेडेवाकडे तुकडे, कडा दुमडलेल्या, एकमेकांवर पडलेले. पावसानं भिजलेली पत्रकं रस्त्यावर चिकटावीत तसे. एका मिलिमीटरात वीसेक बसतील. आणि प्रत्येकाच्या मधोमध एक गडद निळा ठिपका, शाईचं बोट टेकल्यासारखा. बाहेर फक्त पातळ पटल, ज्याची वेगळी रेघ या भिंगाला दिसतही नाही. अंगाला वळता यावं, गिळता यावं, हसता यावं म्हणून प्राण्यानं भिंत सोडली. झाड जागा सोडत नाही, त्याला भिंत परवडते.

पुस्तकात यावर एक तक्ता असतो. डावीकडं वनस्पतीपेशी, उजवीकडं प्राणीपेशी. भिंत आहे, भिंत नाही. हरितलवक आहे, नाही. रिक्तिका मोठी, रिक्तिका छोटी किंवा नाहीच. परीक्षेला पाच मार्क. मी तो तक्ता पाठ केला, पण मला त्याचा राग आहे. कारण केंद्रक दोन्हीत, पटल दोन्हीत, जीवद्रव्य दोन्हीत, ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका दोन्हीत. म्हणजे सारखं आहे ते जास्त. पण सारखं काय ते लिहा असा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो 'फरक स्पष्ट करा'. आपल्या देशाला फरक स्पष्ट करायची जुनी खोड.

हे सारखेपण माणसाला कसं कळलं त्याचीही एक गोष्ट आहे. श्लायडेन हा झाडांचा अभ्यासक. श्वान हा प्राण्यांचा. दोघं जर्मन. एकदा बरोबर जेवायला बसले असताना श्लायडेन झाडाच्या पेशीतल्या केंद्रकाबद्दल सांगायला लागला, आणि श्वानच्या ध्यानात आलं की असलंच काहीतरी आपण प्राण्यात बघितलंय. पुढं श्वाननंच ही आठवण सांगितली. १८३८ ला श्लायडेननं झाडांचं लिहिलं, १८३९ ला श्वाननं प्राण्यांचं, आणि सगळे जीव पेशींचे बनतात हे ठरलं. दोघं एका टेबलावर जेवत नसते तर? आपल्याकडं हे दोघं जन्मले असते तर आधी एकमेकांची जात विचारत बसले असते, आणि केंद्रक राहिला असता ताटाखाली.

मला या सगळ्यात जास्त जवळचा वाटला तो लेव्हेनहूक. हॉलंडातल्या डेल्फ्ट गावचा, १६३२ चा जन्म. कापडवाला होता. कापड-दुकानात उमेदवारी केलेला, मग स्वतःचं दुकान. लॅटिन येत नव्हतं, कॉलेज नव्हतं. कापडवाले भिंगातून सुताचा पोत बघायचे. याला भिंगाचाच नाद लागला. स्वतः घासून भिंगं केली, मण्याएवढी. पाण्याचा थेंब बघितला, रक्त बघितलं, आणि १६८३ च्या पत्रात लिहिलं की मी माझ्या दातांवरचा मळ काढून बघितला, त्यात बारीक बारीक जिवंत प्राणी हालचाल करत होते. स्वतःच्या तोंडातला मळ. लंडनच्या रॉयल सोसायटीला तो आपल्या बोलीभाषेत, डच भाषेत पत्रं लिहायचा, आणि ते लोक भाषांतर करून छापायचे. म्हणजे सुतावाल्यानं थुंकी बघणं ही काही माझी नवी फॅशन नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग मी एक चूक केली.

माझ्या शेजारच्या फ्रेमवर एक गडी आहे. नाव लिहित नाही. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हाताला चपळ. एकदम आठ-दहा धागे तुटले तर माझ्या बाजूला येऊन सांधे देऊन जातो, न सांगता. माणूस वाईट नाही. पण जेवणाच्या सुट्टीत त्याचा डबा पलीकडच्या पायरीवर असतो. मी इकडच्या पायरीवर. कुणी काही बोलत नाही. पायऱ्या दोन आहेत एवढंच.

मी ताईकडून फोल्डस्कोप मागून आणला. खात्याबाहेर, रात्री दोनच्या सुट्टीत, त्याचा गाल खरवडला, माझा खरवडला, एकाच काचेवर दोन्ही फिरवले, निळं टाकलं. मोबाईलचा टॉर्च मागं धरला आणि म्हटलं, बघ. आता सांग, तुझी कुठली आणि माझी कुठली?

दोस्तहो, मला वाटलं मी जिंकलो. एवढ्या वर्षांचं भांडण एका काचेवर मिटवलं. तो बराच वेळ बघत होता. "भारी हाय की लेका," म्हणाला. "वळकू येत न्हाई कुणाचं काय." हसला. मोबाईल परत दिला. आणि डबा उचलून पलीकडच्या पायरीवर जाऊन बसला.

मी त्या रात्री खूप धागे तोडले.

मग विचार केला तर कळलं, चूक माझीच. त्याला पेशीत जात दिसेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्याच्या बापाला वाटलं नव्हतं, आज्ज्यालाही नाही. जात अंगात असती तर पायऱ्या कशाला दोन लागल्या असत्या? ती अंगात सापडत नाही म्हणून तर बाहेर पायरीवर, डब्यात, माठात, आडनावात मांडून ठेवावी लागते. आपण सभेत 'रक्त सगळ्यांचं लाल' म्हणतो, टाळ्या घेतो. समोरच्याला ते आधीच ठाऊक असतं. तोही टाळी देतो.

आमच्या घरात थुंकीची गोष्ट जुनी आहे. पणजा मुंबईत गिरणीत होता. आज्जाही. दोघंही रिंग खात्यात, सूत काढायला. मी लहान असताना आज्ज्याला विचारलं होतं, तू कापड का नाही विणलंस? तो म्हणाला, "पणज्याच्या टायमाला आपल्या मान्साला विणाई खात्यात घेत नव्हते. धोटा तोंडाला लावायला लागायचा न्हवं."

तेव्हाच्या मागावर कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घालायचा आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून घ्यायचा. एकाच धोट्याला या पाळीचा विणकर तोंड लावणार, त्या पाळीचा लावणार. त्यात अस्पृश्याचं तोंड नको. म्हणून अस्पृश्य कामगार विणाईत नको. १९२८ साली मुंबईत सहा महिने गिरणी संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, की तुम्ही कामगारांची एकी म्हणता, मग विणाई खात्याचं दार आमच्या माणसाला बंद का?

आता इथं पगार बघा. विणाई खात्यात मजुरी जास्त, रिंग खात्यात कमी. थुंकी हे कारण होतं, पण राखली गेली ती जास्त मजुरीची जागा. खरंच थुंकीची भीती असती तर आपसातही धोटा तोंडाला लावला नसता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली असल्या तोंडानं ओढायच्या धोट्यावर कायद्यानं बंदी आणली. तिथं रोग पसरेल ही काळजी होती. आपल्याकडं क्षयाची काळजी नव्हती, विटाळाची होती.

एवढं झाल्यावर मी गालाची पेशी बाजूला ठेवली आणि कापूस बघायला घेतला.

मी सात वर्षं कापसात आहे. ब्लोरूममध्ये गासड्या फोडल्यात, कार्डिंगला पेळू उचललेत, आता रिंगफ्रेमला आहे. पण कापूस म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रोव्हिंगमधून चार तंतू उपटले, काचेवर टाकले. दिसली एक चपटी फीत. मधी मधी पीळ पडलेली, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं, लग्नात मांडवाला लावतात तसली कागदी पट्टी. शेजारी पॉलिएस्टरचा तंतू टाकला, आमच्याकडं मिश्र सूतही निघतं. तो गुळगुळीत, काचेच्या सळीसारखा, इकडून तिकडं एकसारखा. त्याला ना आत ना बाहेर.

ताईला विचारलं, कापसात पेशी दिसत नाहीत, विटा कुठं गेल्या? ती म्हणाली, "दादा, तो अख्खा तंतूच एक पेशी आहे."

मला दोनदा विचारायला लागलं. अख्खा तंतू. शंकर-६ चा तंतू २८-२९ मिलिमीटर लांब. हाताच्या बोटावर ठेवला तर डोळ्याला दिसतो, भिंग नको. ती एकच पेशी आहे. जाडी मिलिमीटरचा साठावा-सत्तरावा भाग आणि लांबी त्याच्या सुमारे दोन हजार पट. बोटाएवढी जाड असती तर आठ-नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पोचली असती. सरकीच्या सालीवरची एक पेशी, फूल उमलतं त्याच दिवसाच्या आसपास बाहेर डोकं काढते आणि तीनेक आठवडे नुसती लांब होत राहते. मग आतून भिंत भरायला लागते, थरावर थर, जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. एका सरकीवर अशा दहा हजारांच्या वर. बोंड फुटलं की आतलं पाणी सुकतं, जीव जातो, पोकळ नळी बसते, चपटी होते आणि तिला पीळ पडतो. तो पीळ असतो म्हणून एक तंतू दुसऱ्याला धरतो. म्हणून सूत निघतं. आमच्या ३० नंबरच्या सुताच्या आडव्या छेदात शंभरावर तंतू असतात. म्हणजे शंभरावर मेलेल्या पेशी एकमेकींना धरून बसलेल्या, आणि ते आम्ही दिवसाला मैलोन्‌मैल काढतो.

रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या झाडाच्या सालीचा काप बघितला आणि त्या रिकाम्या खणांना नाव दिलं सेल, म्हणजे कोठडी, छोटी खोली. त्यानं बघितल्या त्याही मेलेल्याच पेशी होत्या. जीव गेल्यावर झाडाची भिंत राहते. प्राण्याचं तसं काही राहत नाही. माझ्या अंगावर सदरा आहे तो भिंतींचा आहे. त्या रात्री फ्रेमपुढं उभं राहून मी चात्यांकडं बघत होतो. मिनिटाला पंधरा हजारांच्या वर फिरतात. जॉबर ओरडला, "कुठं लक्ष हाय?" काय सांगू त्याला.

आणि मग मला ताईचं ते वाक्य आठवलं. कापसाची काडी वापरू नका, तंतू काचेवर येतात.

रविवारी सकाळी पाळी सुटली. लिंबाखाली थुंकलो नाही. तसाच घरी गेलो, आंघोळ केली, कारण कपड्यातून केसातून कापूस झडतो. सदरा न घालता बसलो. धुतलेल्या स्टीलच्या वाटीत थुंकलो, काडीनं थेंब काचेवर घेतला, निळं टाकलं.

गालाच्या पेशी होत्याच. पत्रकं पसरल्यासारख्या. आणि त्यांच्यामधून, दोन पेशींवर आडवी पडून, एक चपटी फीत. पीळ पडलेली. थोडी पुढं आणखी एक, तुटकी. आणि काळपट कचरा, पानाचा असेल. माझ्या तोंडात, एका काचेवर, पुस्तकातल्या तक्त्याच्या दोन्ही बाजू.

आमची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. बुधवारी रात्री झोपून गुरुवारी सकाळी कामावर जायच्या आधी परत तसंच केलं. फीत नव्हती. तीन थेंब बघितले. नुसत्या माझ्याच पेशी. पुढच्या आठवड्यात दोन्ही दिवस परत. पाळीनंतर फीत, सुट्टीनंतर नाही.

आता मी काही शास्त्रज्ञ नाही, आणि तोंडातला तंतू म्हणजे छातीतला रोग नव्हे हेही मला कळतं. लांब तंतू नाकात, घशात अडकतो, थुंकीतून पडतो. आत फुप्फुसात जाते ती बारीक धूळ, तंतूंचे भुगे, बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा, माती. आणि जंतू. ताईनं माझ्यासाठी वाचून सांगितलं. कापसाच्या धुळीतनं होणाऱ्या रोगाचं नाव बिसिनोसिस. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, श्वास कमी पडतो, मग आठवडाभर हळूहळू उतरते. वर्षं गेली की मग उतरतच नाही. पुस्तकात सोमवार लिहिलाय. आमचा सोमवार गुरुवारी येतो.

आणि त्यात मुख्य संशय धरतात तो कापसाच्या झाडावर वाढणाऱ्या काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणातल्या विषावर. जंतू मेला तरी ते विष धुळीत राहतं. म्हणजे झाडाची पेशी नाही, प्राण्याची नाही, तिसरीच. आमच्या पाच मार्कांच्या तक्त्यात तिला रकानाच नाही. डेल्फ्टच्या कापडवाल्यानं दातांच्या मळात बघितली ती जात. हा शब्द इथं असाच वापरतात, माझा इलाज नाही.

आज्जा मुंबईत रिंग खात्यात अठरा वर्षं होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात काम गेलं, गावाकडं आला. मी बघितला तो खोकणारा आज्जा. सोमवारी जास्त खोकायचो, असं सांगायचा. आम्हाला वाटायचं म्हातारा रविवारची दारू लपवतो. डॉक्टरनं आधी क्षयाची औषधं दिली, मग दम्याची. कारखाना कायद्यातल्या नोंद करायच्या रोगांच्या यादीत बिसिनोसिस आला. आज्ज्याच्या कुठल्याही कागदावर आला नाही. काम काय करत होता हे त्याला कुणी विचारलंच नाही. शेती का, एवढं विचारलं.

मी परत तीच काच घेऊन शेजारच्या गड्याकडं गेलो. या वेळी त्याला माझी-तुझी विचारली नाही. म्हटलं, पाळी सुटल्यावर वाटीत थुंक. तो थुंकला. काच केली. बघ म्हटलं. त्यानं बघितलं. फीत त्याला लगेच ओळखू आली, सुतातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"आपलाच कापूस हाय ह्यो."

"हां."

"माझ्या तोंडात?"

"तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या."

तो गप्प झाला. मग विचारलं, "गुरुवारी तुझी बी छाती आवळती का रं?" सात वर्षांत त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न, जो कामाचा नव्हता.

आम्ही अर्ज लिहिला. अक्षर माझं, कारण माझं बरं आहे. धूळ ओढणारे पंखे दुरुस्त करा, रोजच्या रोज बदलायला मास्क द्या, वर्षातून एकदा फुंकायच्या यंत्रावर छाती तपासा, आणि ती तपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, आधी आणि नंतर, दोनदा करा. दोनदा का, ते मी खाली समजावून लिहिलं. सह्या एकोणीस. पहिली त्याची, दुसरी माझी. सायबानं अर्ज घेतला, पोच दिली नाही. आठ दिवसांनी एक-एक कापडी मास्क मिळाला. कापूसच तो. पंखे तसेच आहेत. दुसरा अर्ज लिहून झाला आहे, या वेळी पोच घेतल्याशिवाय देणार नाही, आणि एक प्रत कारखाना निरीक्षकाला.

त्याचा डबा अजून पलीकडच्या पायरीवर आहे. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल गोष्ट जमली.

ज्यांच्या घरात कुणी सूतगिरणीत, यंत्रमागावर, जिनिंगला, गादी कारखान्यात आहे त्यांनी रविवारी सकाळी विहारात यावं. वाटी घरूनच आणा, स्टीलची, स्वच्छ घासलेली. पाळीनंतर एकदा आणि सुट्टीनंतर एकदा, दोन्ही वेळच्या काचा करू आणि वहीत तारखेसकट लिहून ठेवू. आतापर्यंत सात जणांच्या झाल्यात. निळं औषध आहे, टिंक्चर आयोडीन संपलंय. येताना कुणीतरी एक बाटली घेऊन या.